तारण जमिनीचं, पथ्य तिजोरीचं

नोव्हेंबर १९२३ मध्ये जर्मनीत एक नवी नोट आली. नाव रेंटनमार्क. ही नोट घेऊन बँकेत गेलं तर सोनं मिळणार नव्हतं, चांदी मिळणार नव्हती, डॉलर तर दूरच. देशभरच्या शेतजमिनी आणि कारखाने तिला तारण लावले होते, पण म्हणून नोट दाखवून कुणाला गुंठाभर जमीन मागता येणार नव्हती. पाचशे रेंटनमार्क साठवून नेले, तर पाच टक्के व्याजाचा एक रोखा हाती पडे. म्हणजे एका कागदाच्या बदल्यात दुसरा कागद. शिवाय ही नोट कायद्यानं सक्तीचं चलनही नव्हती. सरकारी कचेऱ्या ती घेत, पण दुकानदारानं ती घेतलीच पाहिजे असं बंधन नव्हतं. ज्या देशाच्या सरकारनं आधीच्या नऊ वर्षांत आपल्या पैशाचं मातेरं केलं होतं, त्याच देशानं आता ‘हा घ्या नवा पैसा’ म्हणून तो पुढे केला होता.

लोकांनी तो घेतला. शेतकऱ्यांनी धान्य बाजारात आणलं, दुकानांच्या काचेमागे माल दिसू लागला, आणि डॉलरचा जो दर तासातासाला बदलत होता तो महिनोन्‌महिने हलला नाही.

जर्मनीतल्या त्या महागाईच्या गोष्टी आपल्याकडे बऱ्याच जणांना पाठ असतात. हातगाडीतून नोटा नेणारा माणूस, नोटांच्या गठ्ठ्यांचे मनोरे रचणारी पोरं, हे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. लहानपणी तिकिटं जमवणाऱ्यांच्या वहीत तर पाच हजार कोटी मार्कांचं टपाल तिकीट असायचंच, कारण तसली तिकिटं चिल्लर पैशांत मिळत. महागाई चढली कशी हे इतकं सांगून झालंय. ती उतरली कशी हे मात्र कमी सांगितलं जातं, आणि सांगितलं तरी ‘जमीन तारण ठेवली, लोकांचा विश्वास बसला’ एवढ्यावर आटोपतात. ही गोष्ट मला अर्धीच खरी वाटते, आणि तीही कमी महत्त्वाची अर्धी.

थोडं मागे जावं लागेल. महायुद्धाला तोंड फुटलं आणि ४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मनीनं नोटांच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं. तेव्हा एका डॉलरला ४.२० मार्क पडत. युद्धाचा खर्च करांतून काढायचं धाडस कुणी केलं नाही; कर्जरोखे काढले, आणि युद्ध जिंकल्यावर हे सगळं शत्रूच्या माथी मारू, असा हिशेब मांडला. हा हिशेब मांडणाऱ्यांत अर्थखात्याचा प्रमुख कार्ल हेल्फरिख होता. त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. युद्ध हरल्यावर कर्ज तर राहिलंच, वर व्हर्सायचा तह आला. १९२१ मध्ये दोस्त राष्ट्रांनी नुकसानभरपाईचा आकडा ठरवला तो १३,२०० कोटी सुवर्ण मार्कांचा. जून १९२२ मध्ये परराष्ट्रमंत्री वॉल्टर राथेनाउची बर्लिनच्या रस्त्यावर हत्या झाली, आणि मार्कवर उरलासुरला भरवसा होता तोही गेला.

शेवटचा घाव जानेवारी १९२३ चा. भरपाईचा कोळसा आणि लाकूड वेळेवर येत नाही म्हणून ११ जानेवारीला फ्रेंच आणि बेल्जियन फौजा रूर खोऱ्यात घुसल्या. जर्मनीचा कोळसा आणि पोलाद इथलं. सरकारनं तिथल्या कामगारांना सांगितलं, काम थांबवा, पगार आम्ही देतो. सगळ्यात कमावता प्रदेश हातचा गेला, आणि बसून असलेल्या लाखो लोकांचे पगारही अंगावर आले. करांतून काही येत नव्हतं. आकारणी आणि भरणा यांत जे काही आठवडे जात तेवढ्यात कराची रक्कम वितळून जाई, त्यामुळे उशिरा भरणारा शहाणा ठरत होता. मग सरकार हुंड्या लिही, राइशबँक म्हणजे त्यांची मध्यवर्ती बँक त्या वटवी, आणि वटवण्यासाठी नोटा छापी.

राइशबँकेचा अध्यक्ष रुडॉल्फ हाफेनश्टाइन हा सज्जन, कामसू, जुन्या प्रशियन वळणाचा अधिकारी. त्याच्या मते रोग नोटांचा नव्हताच. भरपाईमुळे परदेशी चलन महागतं, त्यामुळे भाव वाढतात, भाव वाढले की लोकांना जास्त नोटा लागतात, आणि त्या पुरवणं हे बँकेचं कर्तव्य, अशी त्याची साखळी होती. ऑगस्ट १९२३ मध्ये त्यानं सांगितलं की चलनात आज एकूण जेवढ्या नोटा आहेत त्यांच्या दोन तृतीयांश नोटा लवकरच एका दिवसात छापता येतील. हे त्यानं समाधानानं सांगितलं! राइशबँकेच्या कामाला खासगी छापखाने जुंपलेले होते, कागदाच्या गिरण्या रात्रंदिवस चालू होत्या, घाईत नोटांची मागची बाजू कोरीच सोडली जात होती. हे सगळं करणारा माणूस प्रामाणिक होता, आणि मला तरी या गोष्टीत तेच सगळ्यात धास्तावणारं वाटतं.

डॉलरचा सरासरी दर जानेवारीत सुमारे १८ हजार मार्क होता. ऑगस्टमध्ये ४६ लाख. ऑक्टोबरमध्ये अडीच हजार कोटी. इथून पुढे पाश्चात्त्य वाचकाला ट्रिलियन मोजावे लागतात. आपल्याला ‘लाख कोटी’ अर्थसंकल्पाच्या बातम्यांमुळे तोंडपाठ आहेत, तेवढी सोय झाली.

त्या वर्षी जर्मनीत दुष्काळ नव्हता. १९२३ चं पीक चांगलं आलं होतं. कोठारं भरलेली होती आणि शहरं उपाशी होती, कारण शेतकरी धान्य विकायला तयार नव्हता. त्याचं काय चुकलं? सकाळी राय नावाचं धान्य विकून हाती आलेल्या कागदात संध्याकाळी खिळेही येत नव्हते. शहरातली माणसं पियानो, गालिचे, घड्याळं घेऊन खेड्यात जात आणि बटाटे घेऊन परतत. ऑक्टोबरच्या अखेरीस हॅम्बुर्गमध्ये कम्युनिस्टांचा उठाव झाला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये भाकरीच्या दंगली पेटल्या आणि त्यांचा रोख ज्यूंच्या वस्तीवर वळला. ८ आणि ९ तारखेला म्युनिकमध्ये हिटलरनं सत्ता बळकावायचा फसलेला प्रयत्न केला. नवा पैसा काढायची घाई होती ती अशी. हिवाळा तोंडावर होता, आणि त्याच्या आत धान्य कोठारांतून शहरांत यायला हवं होतं.

म्हणूनच नव्या चलनाची पहिली कल्पना निघाली ती धान्याच्या मापात. कल्पना कुणाची, तर त्याच हेल्फरिखची. ऑगस्ट १९२३ मध्ये त्यानं सुचवलं की मार्कची सांगड रायशी घालावी. सोनं आपल्याकडे पुरेसं नाही, परदेशी कर्ज कुणी देत नाही, पण राय आहे, आणि शेतकऱ्याला रायचा भाव कळतो. युक्ती चतुर होती, तिच्यातली खोटही उघड होती. पीक बुडालं आणि राय महागली, की देशातलं प्रत्येक देणं तिच्याबरोबर महागणार. अर्थमंत्री रुडॉल्फ हिल्फर्डिंग समाजवादी पक्षाचा. हेल्फरिख त्याच्या दृष्टीनं जमीनदारांच्या बाजूचा. वाद लांबला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हिल्फर्डिंग गेला आणि हान्स लुथर अर्थमंत्री झाला. हा आधी अन्नमंत्री होता, त्याही आधी एसेन शहराचा महापौर. लुथरनं हेल्फरिखचा सांगाडा ठेवला आणि आतलं धान्य काढून टाकलं: तारण जमिनीचंच, पण मोजायचं सोन्याच्या मार्कमध्ये. १५ ऑक्टोबरला वटहुकूम निघाला आणि ‘डॉइच रेंटनबांक’ नावाची नवी बँक कागदावर उभी राहिली.

रचना अशी होती. देशातल्या शेतजमिनीवर तिच्या युद्धपूर्व करआकारणीतल्या किमतीच्या चार टक्के रकमेचा बोजा चढवला गेला. आपल्याकडे सोसायटीचं कर्ज घेतल्यावर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त नोंद होते तशी, फक्त इथे कुणी कर्ज घेतलेलं नव्हतं. साऱ्या देशाच्या सातबाऱ्यावर एका सहीनं नोंद झाली, आणि आधीच्या सगळ्या बोजांच्या वर हिचा मान. दरसाल सहा टक्के व्याज मालकानं भरायचं. तेवढाच भार उद्योग, व्यापार आणि बँकांवर. दोन्ही मिळून बँकेचं भांडवल झालं ३२० कोटी रेंटनमार्क. एक रेंटनमार्क म्हणजे युद्धापूर्वीचा एक सुवर्ण मार्क.

वटहुकमातल्या ज्या कलमांकडे लोकांचं लक्ष कमी गेलं, ती पुढची. एकूण २४० कोटींपर्यंतच नोटा काढायच्या. त्यांतले १२० कोटी सरकारला कर्जाऊ, त्यातही ३० कोटी बिनव्याजी, ते राइशबँकेतल्या जुन्या हुंड्या सोडवण्यासाठी. उरलेले १२० कोटी राइशबँक आणि इतर नोट-बँकांमार्फत उद्योग-शेतीला. आणि रेंटनमार्क सुरू झाल्या दिवसापासून राइशबँकेनं सरकारची एकही हुंडी वटवायची नाही.

१५ नोव्हेंबरला रेंटनमार्क आला आणि त्याच दिवशी सरकारी हुंड्यांची खिडकी बंद झाली. नवी नोट लोकांना दिसली. बंद झालेली खिडकी कुणाला दिसत नाही, आणि माझ्या मते त्या दिवशीचं खरं काम तिनं केलं.

आता त्या आठवड्यातले डॉलरचे अधिकृत दर पाहा. १३ नोव्हेंबरला ८४ हजार कोटी मार्क. १४ ला १ लाख २६ हजार कोटी. १५ ला २ लाख ५२ हजार कोटी. आणि २० ला ४ लाख २० हजार कोटी. रेंटनमार्क बाजारात आल्यावरसुद्धा जुना मार्क पाच दिवस घसरू दिला गेला. घसरता घसरता तो बरोबर ४.२ वर येऊन थांबला, पुढे बारा शून्यांच्या जागा. युद्धापूर्वीचा दर होता ४.२०. म्हणजे जुन्या आकड्यातून बारा शून्यं पुसली की झाला हिशेब: एक लाख कोटी कागदी मार्क म्हणजे एक रेंटनमार्क. भाजीवालीला त्रैराशिक मांडावं लागू नये, हा त्यातला फायदा. दुसरा फायदा राइशबँकेचा: जुन्या कागदाची किंमत जितकी पडेल तितका तो सोडवणं स्वस्त.

हा दर धरून ठेवायचं काम ज्याच्याकडे आलं, तो हियाल्मार शाख्ट. बँकवाला, ताठ कॉलरचा, स्वतःविषयी कधी शंका नसलेला. त्याला सोन्यावर आधारलेलं चलन हवं होतं. जमिनीच्या तारणाला त्यानं नाकं मुरडली होती. तरी १२ नोव्हेंबरला तो चलन-आयुक्त झाला. अर्थखात्यात त्याला जी खोली मिळाली ती आधी झाडलोट करणाऱ्या बायका झाडू-बादल्या ठेवायला वापरत. एक टेबल, एक टेलिफोन, एक चिटणीस बाई. स्वतः पगार घेतला नाही. नंतर त्या बाईंना लोक विचारत, साहेबांनी त्या दिवसांत नेमकं केलं काय? त्यांनी सांगितलं त्याचा सारांश असा, की साहेब अंधाऱ्या खोलीत बसून सिगार ओढत आणि फोन करत.

फोनवर तो बहुतेक वेळा नकार देत असे. सरकारी छापखान्याखेरीज जर्मनीत त्या वर्षी शेकडो नगरपालिका, रेल्वे, कारखाने आपापल्या नोटा छापत होते. त्यांना आणीबाणीचा पैसा म्हणत. टंचाईच्या काळात राइशबँक ही चिठोरी आपल्या गल्ल्यावर स्वीकारून खरा पैसा देई, म्हणजे गावोगाव एकेक छोटी टांकसाळच चालू होती. शाख्टनं जाहीर केलं की २२ नोव्हेंबरपासून राइशबँक ही चिठोरी घेणार नाही. सगळ्यात मोठा ओरडा कोलोनहून झाला. कोलोन परकीय फौजांच्या ताब्यातल्या पट्ट्यात, तिथल्या बाजारावर बर्लिनचा हुकूम चालत नसे, आणि तिथले सट्टेवाले डॉलर ४.२ वर थांबणार नाही या खात्रीनं बसले होते. तिथे दर दुपटीच्याही वर गेला. २५ नोव्हेंबरला शाख्ट स्वतः तिथे गेला. व्यापारी, कारखानदार, महापालिकेची माणसं सभेत त्याच्या अंगावर धावून जायचीच बाकी होती. तो ऐकून घेऊन तसाच परतला.

पुढचं नाट्य बाजारात घडलं. सट्टेवाल्यांनी डॉलर वायद्यात घेतले होते. महिनाअखेर आली की आणीबाणीच्या चिठोऱ्यांनी किंवा राइशबँकेच्या कर्जानं ते चुकते करायचे, आणि तोवर मार्क आणखी पडलेला असणार, हा आजवरचा बिनचूक धंदा. या वेळी महिनाअखेर आली तेव्हा चिठोरी कुणी घेईना आणि बँक कर्ज देईना. देणं भागवायला मार्क हवेत, आणि मार्क मिळवायचे तर हातातले डॉलर विकायला हवेत. विकत घेणारी एकच, राइशबँक, आणि तिचा दर ४.२. ज्यांनी अकरा-अकरा लाख कोटींना डॉलर घेतले होते ते निम्म्याहून कमी भावात सोडून मोकळे झाले. डिसेंबरच्या मध्यापर्यंत कोलोनचा दर बर्लिनच्या बरोबरीला आला.

२० नोव्हेंबरला, म्हणजे दर ४.२ वर ठरला त्याच दिवशी, हाफेनश्टाइन वारला. त्याची नेमणूक तहहयात होती, सरकारनं सुचवूनही त्यानं खुर्ची सोडली नव्हती. राइशबँकेच्या संचालकांना त्याच्या जागी हेल्फरिख हवा होता. सरकारनं शाख्टला बसवलं. हेल्फरिख पुढच्या एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडमधल्या बेलिनझोनाजवळच्या रेल्वे अपघातात गेला. युद्धात ज्यानं कर्जाचा डोंगर उभा केला, त्यातून बाहेर काढणाऱ्या चलनाची पहिली कल्पनाही त्याचीच, हे श्रेय मात्र द्यायला हवं.

आता एक हिशेब, जो पहिल्यांदा वाचला तेव्हा माझा विश्वासच बसेना. १५ नोव्हेंबरला राइशबँकेच्या चलनात असलेल्या नोटांची बेरीज होती सुमारे ९ लाख २८ हजार कोटी कोटी मार्क. (हो, कोटी दोनदा.) हिला एक लाख कोटीनं भागा. उत्तर येतं सव्वानऊ कोटींच्या आसपास सुवर्ण मार्क. युद्धापूर्वी या देशाच्या व्यवहाराला सहाशे कोटींच्या घरात चलन लागत असे. आणि राइशबँकेच्या तिजोरीत त्या दिवशीही चाळीस कोटींहून अधिक मार्कांचं सोनं पडून होतं! नोटांच्या महापुरात बुडालेल्या देशात खऱ्या अर्थानं पैशाचा दुष्काळ होता. कागद इतक्या झपाट्यानं सडत होता की तो हातात ठेवायला कुणी तयार नव्हतं. आला की बाहेर. त्यामुळे जरा टिकेल असा पैसा दिसताच लोकांनी तो नुसता खर्चला नाही, खिशात ठेवला. महिनाभरात कोट्यवधी रेंटनमार्क चलनात आले आणि भाव चढले नाहीत, त्याचं कारण हे. जुन्या कागदी नोटाही त्यानंतर छापल्या जात होत्या, वर्षअखेर त्यांची बेरीज पाचपटीच्याही पुढे गेली, तरी दर ४.२ वरून हलला नाही. फरक एवढाच, की आता त्या नोटा सरकारची तूट भरायला निघत नव्हत्या. इटालियन अर्थशास्त्रज्ञ कोस्तान्तिनो ब्रेशानी-तुरोनी त्या काळात बर्लिनमध्ये होता, आणि हे कोडं त्यानं आपल्या ग्रंथात बारकाईनं उलगडलंय. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉमस सार्जंटनं जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि पोलंड या चारांच्या महागाया शेजारी ठेवून पाहिल्या आणि बोट ठेवलं ते सरकारच्या वहीखात्यावर, नोटेच्या रंगरूपावर नव्हे.

जमिनीचं तारण पैशाला वाचवतं का, याचा निकाल खरं तर सव्वाशे वर्षं आधी फ्रान्समध्ये लागला होता. क्रांतीनंतर चर्चच्या जमिनी राष्ट्राच्या झाल्या आणि त्यांच्या तारणावर ‘असिन्या’ नावाच्या नोटा निघाल्या. तिथे तर नोट देऊन खरोखरची जमीन विकत घेता येत होती. तारण रेंटनमार्कपेक्षा कितीतरी सच्चं. पहिली मर्यादा चाळीस कोटी लिव्हरांची होती. मग युद्ध आलं, मर्यादा सरकवली, पुन्हा सरकवली, आणि शेवटी फेब्रुवारी १७९६ मध्ये पॅरिसच्या चौकात लोकांसमोर छापायची यंत्रं मोडायची वेळ आली. त्यानंतर जमिनीच्याच तारणावर दुसरी नोट काढली, ती काही महिन्यांत बसली. फ्रान्समधली जमीन कुठे गेली नव्हती. मर्यादा मात्र हवी तेव्हा सरकत होती.

रेंटनमार्कचीही तशी परीक्षा झाली, आणि फार लवकर. १२० कोटींचं कर्ज सरकारनं पहिल्या काही आठवड्यांत जवळजवळ संपवलं आणि डिसेंबरमध्ये ते रेंटनबांकेकडे आणखी मागायला आलं. बँकेनं हात वर केले. त्या नकाराविषयी इतिहासाची पुस्तकं ओळीभरात आटोपतात. मला विचाराल तर रेंटनमार्कचा वाढदिवस १५ नोव्हेंबरऐवजी त्या दिवशी साजरा व्हायला हवा.

नकार पचवायचं काम लुथरचं. त्याला शाख्टइतकी प्रसिद्धी कधी मिळाली नाही, कारण त्याचं काम लोकांचा रोष ओढवणारं होतं. रूरमधल्या असहकाराचा खर्च सप्टेंबरअखेर चान्सलर गुस्ताफ श्ट्रेझमाननं आधीच थांबवला होता. २७ ऑक्टोबरला नोकरकपातीचा वटहुकूम निघाला; रेल्वे आणि टपाल खातं धरून सरकारी नोकरांतला जवळपास चौथा हिस्सा पुढच्या काही महिन्यांत घरी गेला. कर सोन्याच्या हिशेबात आकारायला सुरुवात झाली, त्यामुळे उशिरा भरण्यातली मजा संपली. ऑक्टोबरमध्ये सरकारच्या शंभर मार्कांच्या खर्चातला जेमतेम एखादा मार्क करांतून येत होता. जानेवारी १९२४ मध्ये जमा खर्चाच्या वर गेली. कामगारांनी याची किंमत मोजली: डिसेंबरमध्ये संघटित कामगारांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक बेकार होते, आणि आठ तासांचा दिवस, जो १९१८ च्या क्रांतीनं मिळवून दिला होता, तो ढिला झाला.

तरीही १९२४ च्या वसंतात घसरणीची पुन्हा चिन्हं दिसली. या वेळी सरकारकडून नाही, तर खासगी धंद्याला सढळ हातानं दिलेल्या कर्जांमुळे. शाख्टनं ७ एप्रिलला नवं कर्ज देणंच थांबवलं. महागाईत कर्ज काढून कारखाने गोळा करणाऱ्यांचे दिवस तिथे भरले. त्यांतला सर्वांत मोठा ह्यूगो श्टिनेस त्याच आठवड्यात वारला आणि त्याचं साम्राज्य वर्षभरात कोसळलं.

इथे आपल्याकडचा एक धागा जोडता येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये डी.एस्सी.चा अभ्यास करत असताना १९२२ मध्ये काही काळ जर्मनीत बॉनला गेले होते, तिथल्या विद्यापीठात त्यांनी नाव घातलं होतं. मार्कचा कडेलोट तेव्हा सुरू व्हायच्या बेतात होता. त्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ लंडनमध्ये डिसेंबर १९२३ ला, म्हणजे रेंटनमार्क महिन्याचा झाला होता तेव्हा, प्रसिद्ध झाला. त्याचा विषय भारतीय रुपया, रेंटनमार्कशी त्याचा संबंध नाही. पण त्यातली मांडणी इथे फार जवळची वाटते. अर्थशास्त्रज्ञ केन्सनं गौरवलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीवर आंबेडकरांनी टीका केली, आणि सोन्याच्या गंगाजळीनं रुपयाची किंमत टिकते हा समज खोडून काढला. रुपया सोन्यात बदलून देऊ नका, पण किती रुपये पाडायचे याला पक्की मर्यादा घाला, असं त्यांचं म्हणणं. चलन सरकारच्या मर्जीवर सोडू नये, ही त्यामागची चिंता. सोन्यात न बदलता येणारं पण मर्यादेत बांधलेलं चलन काय करू शकतं, याचा पुरावा त्याच महिन्यांत ऱ्हाइनच्या पलीकडे गोळा होत होता.

हिशेबाची दुसरी बाजू बचत करणाऱ्यांची. युद्धाच्या अखेरीस जर्मन सरकारवर १५,४०० कोटी मार्कांचं देशांतर्गत युद्धकर्ज होतं. नव्या दरानं त्याची किंमत झाली १५.४ फेनिग (शंभर फेनिगांचा एक मार्क). साऱ्या महायुद्धाचं कर्ज, आणि फेडायला पुरा मार्कही लागू नये! सरकार मोकळं झालं, गहाणाचे कर्जदार मोकळे झाले. देशभक्तीनं रोखे घेणारे शिक्षक, पेन्शनर, विधवा बुडाले. ‘मार्क म्हणजे मार्क’ हे तत्त्व न्यायालयं वर्षानुवर्षं धरून बसली होती, त्यामुळे शेत गहाण टाकून घेतलेलं कर्ज अंड्याच्या किमतीत फेडता येई. दर स्थिरावल्यावर आठ दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, लाइपझिगच्या सर्वोच्च न्यायालयानं हे तत्त्व मोडीत काढलं. त्यातून फेरमूल्यनाचा कायदा आला: फेब्रुवारी १९२४ मध्ये गहाणखतं मूळ सुवर्ण किमतीच्या पंधरा टक्क्यांवर धरली गेली, १९२५ मध्ये पंचवीसवर. सरकारी रोखेधारकांना त्याहून फार कमी. रेंटनमार्कनं महागाई थांबवली, बुडालेलं परत आणलं नाही. ते त्याचं काम नव्हतंच, पण बुडालेल्यांना हे सांगून काय उपयोग? त्यांची मतं पुढच्या दहा वर्षांत कुठे कुठे गेली ते आपल्याला माहीत आहे.

रेंटनमार्क कायमचा राहावा असं त्याच्या जनकांच्याही मनात नव्हतं. दोस्त राष्ट्रांशी नुकसानभरपाईच्या फेडीबाबत डॉज योजनेचा करार झाला, परदेशी कर्ज आलं, आणि ३० ऑगस्ट १९२४ च्या कायद्यानं राइशमार्क जन्माला आला: एका रेंटनमार्कला एक राइशमार्क, मागे चाळीस टक्के सोनं आणि परकीय चलन. रेंटनमार्क दहा वर्षांत मागे घ्यायचा ठरला.

शाख्टनं या यशाचं सगळं माप आयुष्यभर स्वतःच्या पदरात घातलं. १९३० मध्ये त्यानं राइशबँक सोडली तेव्हा त्याच्या जागी लुथर आला, आणि १९३३ मध्ये हिटलरनं लुथरला हटवून पुन्हा शाख्टला आणलं. सरकारी हुंड्यांची खिडकी बंद ठेवणाऱ्या याच माणसानं मग ‘मेफो’ नावाच्या दिखाऊ कंपनीच्या हुंड्या काढून शस्त्रसज्जतेला पैसा पुरवला आणि त्या राइशबँकेत वटवायची सोय केली. जानेवारी १९३९ मध्ये आता हे आवरा असं लिहून दिल्यावर त्याला काढून टाकण्यात आलं.

आणि रेंटनमार्क? तो गेलाच नाही. त्याच्या मोठ्या नोटा मागे घेतल्या, पण एक आणि दोन रेंटनमार्कच्या छोट्या नोटा १९३७ सालची तारीख घालून नव्यानं छापल्या गेल्या आणि दुसऱ्या महायुद्धातून पार झाल्या. जून १९४८ मध्ये विभागलेल्या जर्मनीच्या पश्चिम विभागात डॉइच मार्क आला, तेव्हा सोव्हिएत विभागाकडे नव्या नोटा तयार नव्हत्या. त्यांनी जुन्या राइशमार्क आणि रेंटनमार्कच्या नोटांवरच छोटी कुपनं चिकटवून काही आठवडे वेळ मारून नेली. पश्चिमेकडे मोठ्या नोटा रद्द झाल्या, पण सुट्या पैशांची चणचण होती म्हणून एक मार्कपर्यंतच्या जुन्या नोटा आणि नाणी काही काळ चालू ठेवली, छापील किमतीच्या दशांशानं. एका रेंटनमार्कला दहा फेनिग.